करुणाला कुणी गाडीवर घेऊ नका

आमची सून करुणा तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शाळेत क्लार्क आहे. पहाटे साडेचारला उठते. पाणी, डबे, पोरांची आवराआवर, की साडेसातची जीप. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसायचं, संध्याकाळी फाट्यावर उतरायचं आन् घरी आली की भाकऱ्या. माझा मुलगा सुमित कंपनीत शिफ्टला. घरी असला की झोपलेला असतो. मी सातवी पास माणूस, पण या दिवसातून व्यायामाला अर्धा तास काढायचं गणित मास्तरालाही सुटलं नसतं.

डॉक्टरांनी मात्र तेच सांगितलं. "ताई, शुगर वाढलीय. तीन महिने रोज चाला. न्हाई उतरली तर इंजेक्शन लागंल." करुणाच्या आईचं पाऊल याच दुखण्यात काढावं लागलं होतं. पोरगी धसकली.

उपाय तिनंच शोधला. फाट्यापासून वडगाव रासाईतलं आमचं घर दोन किलोमीटर. एरवी कुणीतरी गाडीवर आणून सोडायचं. ती म्हणाली, "आबा, तेवढं पायीच येते. वेगळा वेळ काढायला नको."

पण आमच्याकडं ओळखीचं माणूस पायी दिसलं आन् गाडी थांबवली न्हाई, तर वैर धरलं असं समजतात. माझ्या मामानं एकदा बैलगाडी अशीच पुढं हाणली, तर तो पाव्हणा मामाच्या पोरीच्या लग्नाला आला न्हाई. ते राहू द्या.

पहिल्याच दिवशी तीन गाड्या थांबल्या.

"बसा की वहिनी."

"नको, चालते."

"का, सुमितदादाशी वाजलं काय?"

तिसऱ्या गाडीवर पांढऱ्या मिशांचे आप्पा होते. त्यांना न्हाई म्हणवंना, बसली.

दोन आठवड्यांनी नळावर सगुणाबाईनं माझ्या बायकोला, पार्वतीबाईला गाठलं. "सुनंला घरी यावंसं वाटंना का गं? गाडीवर बसंना म्हणं." पार्वतीबाईनं घरी येऊन हंडा आदळला. "उद्यापासून गाडीवर यायचं. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई."

करुणा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मी चालून दमत न्हाई. नको नको म्हणून दमते."

ते ऐकून मला बसवंना. रविवारी विहारात वंदना झाली तसा उभा राहिलो. "करुणाला शुगर हाय. तिला कुणी गाडीवर घेऊ नका. घेतलं, तर तिच्या जिवावर उठलात असं समजंन." चहाच्या टपरीवर सांगितलं, डेअरीवर तर दोन्ही टायमाला सांगितलं. दुधाबरोबर बातमी सगळ्या वस्त्यांवर पोचली. गाड्या थांबायच्या बंद झाल्या. मला फार भारी वाटलं.

मग फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी शाळेतला सर्व्हर बंद पडला. पोरांच्या आईबापांची बोलणी खाऊन, जीपमध्ये उभी राहून करुणा फाट्यावर उतरली. पाय उचलंना. मळ्यातला इंद्रजीत येताना दिसला तसा तिनं हात केला.

त्यानं गाडी हळू केली, बंद केली न्हाई. "वहिनी, आबांनी डेअरीवर सांगितलंय."

"आजचा दिवस ने रे बाबा."

"सकाळी दूध घालायला मलाच जायचं हाय. आबा तिथंच बसलेले असत्यात. पिशवी द्या, घरी टाकतो."

आधी पिशवी आली, अर्ध्या तासानं करुणा आली. ओट्यावर टेकली आन् माझ्याकडं बघत राहिली. "लई चांगलं केलंत, आबा," एवढंच म्हणाली. मी तंबाखूची डबी शोधायला आत गेलो.

तीन महिन्यांनी तपासलं. शुगर उतरली होती, इंजेक्शन टळलं. पण चालणं सोडायचं न्हाई, असं डॉक्टरांनी बजावलं. हे सांगायलाही ती फाट्यावरून पायीच आली.

"कुठवर चालायचं म्हणाले?" मी विचारलं.

"कायमचं. रिटायर झाल्यावरबी."

"तवा काय, वेळच वेळ असंल."

ती हसली न्हाई. पाय धुतले आन् परातीत पीठ घ्यायला निघाली. पार्वतीबाईनं परात आपल्याकडं ओढली. "बस जरा. आज मी थापते."

करुणा भिंतीला टेकून बसली. पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत तिला झोप लागली.