कापलेला कोपरा: स्कॅनर घेऊन इस्लामपूरच्या वाटेला

गेल्या दिवाळीपासून माझ्या मामीने फोनवर एकच धोशा लावला होता, "तुजं ते यंत्र कवा आनतीस?" मी पुण्यात एका छोट्या कंपनीत हातातल्या स्कॅनरचं डिझाइन करते. म्हणजे कागदावरून हाताने ओढायची पट्टी. वीतभरापेक्षा थोडी लांब, खाली दोन रबरी रूळ, मधे भिंग. नीट ओढलं की हिरवा दिवा, घाई केली की लाल. ऑफिसात आम्ही ती कोऱ्या करकरीत छापील कागदांवर फिरवतो आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. शेवटी एका मीटिंगमध्ये मीच बोलून बसले, की खऱ्या जुन्या कागदांवर चाचणी करायला हवी. झालं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, ठीक आहे बाबांनो, मीच जाते.

आधी मामीची निकड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दोन वर्षांपासून त्याचं विसरणं वाढलंय. दुपार कलली की तो पिशवीत कपडे कोंबायला लागतो. रजा संपली, गाडी चुकेल म्हणतो, दाराकडे धावतो. तेव्हा मामी त्याचंच एक पत्र काढते, पन्नास वर्षांपूर्वी त्याने सीमेवरून तिला लिहिलेलं, आणि वाचायला बसते. दहा मिनिटांत माणूस शांत. गोळ्यांनी जे होत नाही ते त्या निळ्या अंतर्देशीय पत्रांनी होतं. पण पत्रं घड्यांवर विरत चाललीत, शाई उडत चाललीय आणि मामीला एका डोळ्याने कमी दिसतं. पत्रं वाचता येईनाशी झाली तर दुपारी या माणसाला धरायचं कसं, ही तिची काळजी होती.

झेरॉक्स का नाही काढल्या, असं तुम्ही विचारणार. एकदा काढायला दिल्या होत्या. मशीनने एक पत्र आत ओढून त्याचा चोळामोळा केला, आणि तेव्हापासून पत्रं घराबाहेर न्यायची नाहीत असा मामीचा कायदा आहे. मोबाइलवर फोटो काढले तर घड्यांच्या सावल्या पडून ओळीच्या ओळी काळ्या. म्हणून मी, माझी जुनी गाडी आणि दोन स्कॅनर. एक जास्तीचा, कारण माझ्या कामावर माझा फार भरवसा नाही.

शनिवारी सकाळी सहाला कात्रज सोडलं. पुण्याहून इस्लामपूर साधारण पावणेदोनशे किलोमीटर, थांबत गेलं तर साडेचार-पाच तास धरा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना बघून निघा, नाहीतर टोलनाक्यावर मागच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. शिरवळला एमआयडीसीत थांबले. आमच्या स्कॅनरची प्लास्टिकची कवचं जिथे ओतून होतात तिथल्या काकांनी नवीन रबरी रूळ तयार ठेवले होते, आधीच्यापेक्षा मऊ. त्यांनी एक रूळ स्वतःच्या गालावर फिरवून दाखवला आणि म्हणाले, आता कागदाला काय, बाळाला लावला तरी रडणार नाही. मी हसले, पण गाडीत बसल्यावर मीही गालावर फिरवून बघितला.

खंबाटकी चढताना ऊन वर आलं. सातारला मिसळ खाल्ली, सत्तर रुपयांत दोनदा रस्सा, डोळ्यांतून पाणी. मामाला कंदी पेढे आवडतात म्हणून अर्धा किलो घेतले आणि उंब्रज येईपर्यंत त्यातले चार मीच संपवले. जानेवारीत येत असाल तर एक लक्षात ठेवा. कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य असतं. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर गाणी फुल आवाजात, मागे तुम्ही. हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. काच खाली करा आणि गुऱ्हाळाचा वास घ्या.

इस्लामपूरहून आत बारा किलोमीटरवर मामाचं गाव. दारात मामी उभी होती. भाकरी, शेंगाची आमटी, मेथीचं कोरड्यास आणि ठेचा असं जेवण झालं. मामाने मला ओळखलं नाही, पण पेढे ओळखले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, कुठल्या युनिटची तू? मी म्हटलं, पुण्याच्या. त्याला ते पटलं.

तीनच्या सुमाराला त्याने पिशवी काढली. मामीने काळी पत्र्याची ट्रंक उघडली, झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. आत पत्रांचा गठ्ठा, सुती दोऱ्यात बांधलेला, सगळी मामाचीच. मामीने पाठवलेली उत्तरं बदल्यांमध्ये कुठेकुठे राहून गेली, त्यांतलं एकही उरलेलं नाही. तिने एक पत्र उचललं, नाकाजवळ धरलं आणि वाचायला लागली. इथे बर्फ लय हाय, तिकडं भुईमूग काढला का, म्हैस व्याली का. मधेच तिला ओळ लागेना. ती अडली तशी मामाची पिशवीवरची पकड घट्ट झाली. मी बघत होते. तिने आठवणीतून पुढचं वाक्य म्हटलं, आणि त्याचा हात सुटला.

म्हटलं, थांब, आत्ता करते. स्वयंपाकघरातला ओटा पुसला, पत्र पसरलं, स्कॅनर ओढला. लाल दिवा. परत ओढला. लाल. तिसऱ्यांदा हिरवा लागला आणि टॅबलेटवर पत्र उमटलं. आमच्या सॉफ्टवेअरने ते सरळ केलं, डाग काढले, कडा छाटल्या. शाई अशी उठून दिसत होती की मी खूश होऊन टॅबलेट मामीसमोर धरला.

मामीने बघितलं. तिचा चेहराच उतरला.

"कोपरा कुठं गेला ह्याचा?"

उजवा वरचा कोपरा खरंच नव्हता. मूळ पत्राचा कोपरा दुमडून, तपकिरी होऊन ओट्याच्या दगडाच्या रंगात मिसळला होता. यंत्राला वाटलं कागद तिथेच संपला, आणि त्याने तिरपी कात्री चालवली. मी म्हटलं, मामी, कोपऱ्यावर एकही अक्षर नव्हतं गं, मजकूर सगळा आहे. ऑफिसात आम्ही यालाच स्वच्छ पान म्हणतो.

"येडे, कोपरा फाडल्यालं पत्र कवा येतं ठावं न्हाई तुला? मानूस गेल्यावर." ती हळू बोलत होती, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तसलं कार्ड आलं तर उंबऱ्याभाईर वाचायचं आन् तितंच फाडायचं. घरात न्हाई आनायचं. आन् हा मानूस हितं पुढ्यात पेढा खातोय."

मला ठाऊक होतं हो. लहानपणी आईकडून ऐकलेलं. पण दोन वर्षं त्या छाटणीवर काम करताना एकदाही मनात आलं नाही. माझी मलाच लाज वाटली. मामीने माझ्याकडून ते पान तिच्यासमोर पुसून घेतलं, एकदा नाही, दोनदा, आणि गठ्ठा परत ट्रंकेत ठेवून झाकण लावलं. आता र्‍हाऊ दे म्हणाली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी चहापुरतंच बोलली.

मी अंगणात बसून सेटिंग उघडलं. कडा छाटणं बंद, सरळ करणं बंद, सगळी हुशारी बंद. प्रश्न एकच उरला, खाली काय ठेवायचं म्हणजे तपकिरी कोपरासुद्धा वेगळा दिसेल? काळं आणि सपाट हवं. घरभर नजर फिरवली आणि ती ट्रंकेवरच येऊन थांबली.

रविवारी सकाळी चूल आटोपल्यावर मामीला म्हटलं, एकदाच बघ, नाही आवडलं तर मी पेढे घेऊन परत जाते. ती म्हणाली, पेढे सपल्यात. पण आली. मी ट्रंकेच्या झाकणावर, नाव-नंबराच्या खालच्या काळ्या जागेत पत्र पसरलं. घड्यांवर पत्र फाटू नये म्हणून वर फाइलचा पारदर्शक कागद. ओढायला घेतलं तर परत लाल दिवा. माझा हात शहरातला, त्याला सगळीकडे लवकर पोचायचं असतं. मामीने दोन वेळा बघितलं आणि यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. तिने आयुष्यभर अंगण सारवलंय. त्याच हाताने, त्याच सावकाश दाबाने तिने पट्टी वरून खाली आणली. हिरवा दिवा एकदाही लाल झाला नाही.

टॅबलेटवर पत्र आलं. भोवती काळी चौकट, घड्या तशाच, डाग तसेच, चारी कोपरे जागेवर. मामीने एकेका कोपऱ्यावर बोट ठेवून मोजले.

"आता कसं," ती म्हणाली आणि पुढचं पत्र काढलं.

एकतीस पत्रं, दोन्ही बाजू, दुपारच्या जेवणापर्यंत सगळी तिनेच ओढली. मी नुसती पानं मांडत होते, म्हणजे इंजिनिअर म्हणून माझी किंमत काय ते कळलं. मामा खाटेवर बसून बघत होता. अधूनमधून म्हणायचा, शाबास जवान.

सोमवारी सकाळी इस्लामपूरला झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि टॅबलेटवरच्या पत्रांच्या मोठ्या कागदावर प्रती काढल्या. एकेक अक्षर हरभऱ्याएवढं. दुकानदाराने छापता छापता एक वाचलं आणि विचारलं, म्हैस व्याली का शेवटी? मी म्हटलं, विचारते. परत गावात जाऊन गठ्ठा मामीला पोचता केला आणि तोंडाला लागलेली मिसळ परत खायला सातारला थांबून संध्याकाळी पुण्यात आले. येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, त्यामुळे अर्धा तास वाचतो. पेट्रोल, टोल आणि पोटपूजा धरून तीन हजारांच्या आत सगळं झालं. वाटेत घेतलेला भडंग वेगळा.

ऑफिसात भांडण झालंच. कडा छाटणं हीच तर आपली खासियत, असं म्हणणं पडलं. मी मामीची गोष्ट सांगितली. आमच्यातला सगळ्यात तुसडा मुलगा, ज्याने त्या छाटणीचा कोड लिहिला होता, तो म्हणाला, माझ्या आजोबांचं कार्ड असंच आलं होतं. आता आमचा स्कॅनर कागदाभोवती बोटभर जागा सोडतो. छाटायचं असेल त्याने स्वतः बटण दाबून छाटावं. पानं पूर्वीइतकी देखणी दिसत नाहीत. चालतंय.

पंधरा दिवसांनी मामीचा फोन आला. आदल्या दुपारी ती शेरडाला पाला घालायला गेली होती. परत येते तर मामाने पिशवी काढलेली नाही. मोठ्या अक्षरांचं पान दोन्ही हातांत धरून तो स्वतः वाचतोय. मोठ्याने, बोट फिरवत, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर त्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला उत्तर धाडलंस का?"

"मग गं?" मी विचारलं.

"मग काय. म्हनलं, न्हाई अजून. आज लिवते."

तिने पोस्टातून एक अंतर्देशीय आणवलं. सातवीपर्यंतचं अक्षर, थरथरतं झालेलं, तरी दोन्ही बाजू भरल्या. नीट घडी घातली, डिंक लावला, वर त्याचं नाव आणि नंबर लिहिला आणि चार पावलं चालत जाऊन खाटेवर त्याच्या हातात दिलं. त्याने ते हळूच उघडलं, एकही कोपरा फाटू न देता. मग दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते म्हणे.

त्याचाही स्कॅन करून ठेवूया, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी नाही विचारलं.