शालूचं जुनं लायसन

ड्रोन शिकवणाऱ्या केंद्रातल्या कारकुनानं नवं कार्ड टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "जुनं द्या मॅडम. ते जमा करावं लागतं."

शालूनं पर्समधून जुनं कार्ड काढलं, पण दिलं नाही.

"आता हे कशाला पाहिजे? तुम्हाला मोठ्या मशीनचं मिळालं, शिकवायचंही मिळालं. हे लहान ड्रोनचं."

"ठेवायचंय मला."

"आठवण म्हणून?"

"हां. आठवण म्हणून."

कारकून हसला. पहिल्या लायसनचं कौतुक असतं लोकांना, असं त्याला वाटलं. आत जाऊन त्यानं साहेबांना विचारलं, कागद पंच करायच्या यंत्रात कार्ड घालून एक भोक पाडलं आणि परत दिलं. भोक नेमकं फोटोतल्या कपाळावर पडलं होतं. शालूनं ते पाहिलं. बरं झालं, असं तिला वाटलं. त्या कार्डानं जे सोसलं होतं, ते आता वरूनही दिसत होतं.

शालू तीर्थपुरीकडच्या एका लहान गावची सून. माहेर कुंभार पिंपळगावचं. नवरा सोमेश्वर अंकुशनगरला कारखान्यावर कामाला जायचा, आणि घर चालायचं ते थोरल्या दिराच्या, मच्छिंद्रच्या शब्दावर. कोणत्या वावरात काय पेरायचं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, बैल ठेवायचे की विकायचे, हे सगळं मच्छिंद्र ओट्यावर बसून सांगायचा आणि सोमेश्वर मान हलवायचा. मच्छिंद्रची बायको उषाबाई बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा शिकायला जायला कुणी तयार होईना. शालू बारावी शिकलेली, म्हणून उषाबाईनं तिचं नाव दिलं.

शिकवायला अंबरीन मॅडम होत्या. अंबडच्या केंद्रातल्या. चेष्टा न करता शिकवायच्या, म्हणून शालूला आवडल्या. शालूचा हात पहिल्यापासून हलका होता. मशीन वर गेलं की ती श्वास रोखायची नाही, उलट सोडायची. परीक्षा झाली, कार्ड मिळालं. फोटोत डोक्यावर पदर, आणि हसू आवरता न आल्यामुळं वाकडं झालेलं तोंड. खाली तिचं नाव, आणि त्याखाली 'पायलट'. घरी आली तेव्हा म्हातारी सासू ते कार्ड उलटंपालटं करून म्हणाली, "इमान चालवणार का गं तू?"

दोन हंगाम शालूनं कापूस फवारला, तूर फवारली, ऊस फवारला. लोक तिला पायलटबाई म्हणायला लागले. बांधावर बाया उभ्या राहायच्या. मच्छिंद्रला ते आधी बरं वाटलं, मग कमी कमी बरं वाटत गेलं. आधी त्याला विचारून फवारणी ठरवणारी माणसं आता थेट शालूला फोन करायला लागली होती.

फाल्गुनात शालूच्या भाचीचं बारसं होतं. सकाळी ती माहेरी गेली. दुपारी मच्छिंद्रनं ड्रोन काढला. रिमोट म्हणजे मोबाईलच की, असं तो नेहमी म्हणायचा. उसात तण माजलं होतं. टाकीत तणनाशक भरलं आणि भर वाऱ्यात उडवलं. शालूनं असल्या वाऱ्यात मशीनला हातसुद्धा लावला नसता. उसाच्या पलीकडे निजामोद्दीनचाचांची मोसंबीची बाग होती. झाडं पहिल्यांदाच भरून आली होती, फळं गोटीएवढी झाली होती. आठवड्याभरात पानं आकसली, वळली, फळांचा सडा पडला. चाचांची बायको हसीना झाडाखाली बसून ती हिरवी फळं पदरात गोळा करत होती, जशी काही ती परत लावता येणार होती.

गाव मारुतीच्या पारावर बसलं. चाचा एका कडेला उभे होते. मच्छिंद्र उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मशीन शालू उडवती. लायसन तिच्या नावावर हाय. त्या दिवशी सकाळीच फवारून मंग माहेराला गेल्ती. चूक झाली. बाईमाणूस हाय, सोडून द्या."

शालू बायकांत बसली होती. ती उभी राहिली. "मी फवारलं न्हाई. मशीनमधी टाइम असतो, काढून बघा."

मच्छिंद्र हसला. "आता घरातलं भांडण मशीनला इचारायचं का?"

लोक हसले. तिनं सोमेश्वरकडं पाहिलं. तो पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. तिनं चाचांकडं पाहिलं. चाचा जमिनीकडं बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, शेजारपाजार आहे, आणि बैठक उठली. उषाबाईनं गटाचा ठराव केला, ड्रोन काढून घेतला. शालूकडं फक्त कार्ड उरलं.

आरोप तिला सोसला असता. पण 'बाईमाणूस हाय, सोडून द्या' हे चार शब्द तिच्या छातीत रुतले ते रुतले. ती रडली नाही. सासरी सगळ्यांना वाटलं, विसरली. पण शालूनं कार्ड लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. सकाळी कपाट उघडलं की ते समोर यायचं. राग भाकरीसारखा शिळा होतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती तो रोज ताजा करायची. मच्छिंद्रला ताट वाढायची, पाणी द्यायची, दादा म्हणायची. आणि मनात म्हणायची, तुम्ही बोलाल. एक दिवस तुमच्याच तोंडानं बोलाल.

काही महिन्यांनी अंबरीन मॅडमचा फोन आला. केंद्राला शिकवणाऱ्या बायका हव्या होत्या, त्यासाठी वरचं शिक्षण घ्यावं लागणार होतं. शालूनं घरी विचारलं नाही, सांगितलं. मच्छिंद्र म्हणाला, "आता काय जगाला शिकवणार?" ती म्हणाली, "हां दादा. जगालाच."

शिकताना एकदा अंबरीन मॅडमना तिनं सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या. "अगं, मग गटाकडून मशीन मागवू. नोंद बराबर सापडेल. कोणत्या दिवशी, किती वाजता, सगळं निघेल."

"नको मॅडम. मी कागद दाखवला तर लोक म्हणतील, बाई कागद घेऊन आली. मला त्यांच्या तोंडून पायजे."

"आणि ते बोललेच नाहीत तर?"

"त्यांना माझी गरज लागंल तवा बोलतील. मी थांबते."

गरज लागली. उसाच्या चार बागायतदारांनी मिळून मोठा ड्रोन घेतला, त्यात मच्छिंद्र पुढारी. गावात फेटा बांधून मशीनची पूजा केली, फोटो काढले. मग कळलं की लायसनशिवाय ते उडवता येत नाही. मच्छिंद्र अंबडच्या बॅचला आला. मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. समोर टोपी घालून, पदर न घेता शालू उभी.

तो बसलेला उठला. दुसरी बॅच कधी आहे म्हणून कारकुनाला विचारून आला. हंगाम संपल्यावर होती. परत येऊन बसला.

"शालू, जरा पाणी मिळंल का?" सगळ्यांसमोर त्यानं विचारलं. घरच्यासारखं.

"माठ तिकडं आहे. आणि इथं मॅडम म्हणायचं."

पोरं खाली बघून हसली. शालूच्या अंगातून काहीतरी गोड, गरम असं वाहत गेलं. ती मनात म्हणाली, ही तर सुरुवात आहे.

त्या बॅचला तिनं वाऱ्याचा धडा सगळ्यात लांबवला. वारा किती असला म्हणजे मशीन खाली ठेवायचं, तणनाशकाचा थेंब कुठवर जातो, शेजारच्या बागेचं काय होतं. प्रत्येक वेळी ती मच्छिंद्रला उभं करायची. "तुम्ही सांगा. भर वाऱ्यात तणनाशक मारलं तर?" तो म्हणायचा, "उडतं." "उडून कुठं जातं?" "शेजारी." "मंग शेजाऱ्याचं काय होतं?" तो वहीत बघायचा. बाकीच्यांना वाटायचं, बाई कडक आहे. मच्छिंद्रच्या मानेवर घाम यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो तिला झाडाखाली गाठून म्हणाला, "किती दिवस खेळून राह्यली तू माझ्याशी? काय पायजे ते बोल."

शालूनं पर्समधून भोक पडलेलं कार्ड काढलं, त्याच्या समोर धरलं. "हे वळखलं का? गावात पाराव जाऊन सांगा, त्या दिवशी मशीन कुणी उडवलं. चाचांना बोलवा, सगळ्यांना बोलवा. मंग या परीक्षेला."

"म्हंजे पास करशील?"

"मंग बघू."

मच्छिंद्रनं 'मंग या परीक्षेला' एवढंच ऐकलं, 'मंग बघू' नीट ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीआधी, तो पारावर उभा राहिला. शालू मुद्दाम गावात आली होती, मागे उभी होती. त्यानं सांगितलं. भराभर, औषध गिळावं तसं सांगितलं. मी उडवलं, वारा होता, शालू नव्हती. झालं ते झालं.

शालूला वाटलं होतं, लोक चमकतील. कुणीतरी तोंडावर हात नेईल. कुणी मान वळवून तिच्याकडं पाहील. तसं काहीच झालं नाही. माणसं तशीच बसून राहिली. एकानं तंबाखू मळली. आणि निजामोद्दीनचाचा हळूच म्हणाले, "मला ठाव होतं, बेटी. मी बागेत होतो. मच्छिंद्रला बघितलं मी."

"मंग बोलले का न्हाई चाचा?"

"पाणी त्याच्या वावरातून येतं माझ्याकडं. बाग तर गेलीच होती. पाणी बी गेलं असतं."

शालू आजूबाजूला बघायला लागली. एकेक चेहरा. कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांनाच होतं. एका माणसाला गुडघे टेकायला लावायला ती एवढी थांबली, आणि समोर अख्खं गाव बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र परीक्षेला आला तो मोकळ्या चेहऱ्यानं. मशीन उडवलं. चौकोन बरा काढला, उतरताना थोडं हललं. दुसऱ्या कुणी शिक्षकानं कदाचित पास केलं असतं. शालूनं त्याच्यासमोर लिहिलं, नापास.

"अगं, मी सांगितलं ना पाराव!"

"ते चाचांचं झालं दादा. परीक्षा वेगळी."

अंबरीन मॅडम लांबून बघत होत्या. मच्छिंद्र गेल्यावर म्हणाल्या, "उतरणं इतकं वाईट नव्हतं, शालू."

"माहिती आहे मला."

"पुढच्या बॅचला तुझ्याकडं देणार नाही मी त्यांना."

"नका देऊ," शालू म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगायचं, त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

मच्छिंद्र पुढच्या बॅचला अंबरीन मॅडमच्या हाताखाली पास झाला. आता त्याचा ड्रोन फिरतो. वारा सुटला की मशीन खाली ठेवतो म्हणे.

शालूनं तीर्थपुरीत दोन खोल्या घेतल्या. सासरच्या घरी ती सणालाही जात नाही. उषाबाईनं हळदीकुंकवाचा निरोप पाठवला होता, तो तिनं निरोप्याबरोबरच परत पाठवला. हसीनाचाची मात्र एकदा येऊन बसून गेली, आणि शालूनं तिला चहा दिला.

सोमेश्वर सुट्टीच्या दिवशी येतो. दारात चपला काढतो, भाजी आणतो, कोपऱ्यात बसतो. मागच्या वेळी तो म्हणाला, "आता तरी मी इकडंच राहू का? तिकडं मन लागत न्हाई."

शालू भाकरी थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"तुम्हाला त्या दिवशी ठाव होतं ना?"

"दादांनी येऊन सांगितलं होतं मला. सकाळीच, बैठकीच्या आधी."

"मंग जा. पाराव उभं राहून हे सांगा. दादा सांगू शकले, तुम्ही बी सांगाल."

"लोक हसतील गं."

"माझ्यावर हसले होते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्याला ताट वाढलं, पाणी दिलं. तो जेवला. बाहेर ऊन खाली उतरलं होतं. त्यानं चपला घातल्या. मग फाटक लावून बसस्टँडच्या दिशेनं निघाला. तो अजून पारावर गेलेला नाही. शालूही त्याला अजून राहा म्हणालेली नाही.