खून आणि थालीपीठ

"मेला तो मेला. आधी सांग, जेवला काय होता?"

बालीगंजच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू प्रत्येक खुनाचा तपास याच प्रश्नाने सुरू करत. तुमच्याही ओळखीत अशा एखाद्या काकू असतील, पण प्रेतासमोर पाट मांडणाऱ्या मी तरी याच पाहिल्या.

मी तेव्हा खिदिरपूरच्या गोदीत कारकून होतो, एकटा होतो, आणि स्वतःला फार चतुर समजत होतो. एस्प्लनेडच्या फुटपाथवरून इंग्रजी रहस्यकथा आणायच्या आणि दर रविवारी त्या काकूंना मराठीत सांगायच्या, असा माझा क्रम होता. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. मला येतं, असा माझा समज होता.

खेड्यातला बंगला, विक्षिप्त पाहुणे आणि चहाच्या टेबलापाशी एक खून. "घरात प्रेत पडलंय आणि ही माणसं केक खातायत? सुतकबितक काही नाही?" असं म्हणत काकू पुढे सरकून बसत. त्या पुस्तकांची खरी गोडी हीच होती. मेलेल्याबद्दल कुणालाच फार वाईट वाटत नसे आणि सगळे वेळेवर जेवत. मेसच्या पातळ डाळीवर दिवस काढणाऱ्या मला आणखी काय हवं होतं?

सुरुवातीला मी प्रामाणिकपणे उकडलेले बटाटे सांगितले. काकूंचा चेहरा पडला. मग मी सुधारलो. मरण्यापूर्वी एका कर्नलला थालीपीठ खाऊ घातलं, तर पुढच्या रविवारी काकूंकडे थालीपीठ! एका म्हाताऱ्या मडमेला अळूवडी दिली, तर मलाही मिळाली. आपली युक्ती साधली म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेत होतो.

पुढे काकांची नागपूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी सांगायला घेतलेल्या पुस्तकाची अखेरची पानंच फाटलेली निघाली. मी दडपून सांगितलं, "खून स्वयंपाकिणीनं केला."

"शक्य नाही," काकू म्हणाल्या. "तिनं दहीवड्यांची डाळ भिजत घातली होती, तूच म्हणालास. उद्याची डाळ भिजवणारी बाई आज खून करायची नाही."

मी ओशाळून पुस्तकाचा फाटका शेवट दाखवला. काकू हसल्या. "आणि इंग्रजांच्या घरी थालीपीठ होत नाही, एवढं मला कळत नाही होय रे? काय खावंसं वाटतंय ते तू सरळ सांगितलं नसतंस. म्हणून विचारायचे."

मला एकदम रडूच आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

"खुनी सापडला की नागपूरला ये," निघताना त्या म्हणाल्या. "पत्रातून कळवू नकोस. समोर बसून सांग."

वर्षभरात त्याच फुटपाथवर धड प्रत मिळाली. पण कधी रजा नव्हती, कधी खात्याची परीक्षा होती, आणि बराचसा माझा आळस होता. मग एक दिवस काकांचं कार्ड आलं. काकू गेल्या होत्या.

पुस्तक अजून माझ्याकडे आहे. खून डॉक्टरनं केला होता. काकूंची स्वयंपाकीण निर्दोष होती, आणि एवढं सांगायला मी नागपूरला गेलो नाही.