तिच्या वतीने

निवृत्तीनंतर मी अंबरनाथ पश्चिमेला एका संस्थेत जाऊ लागले. घरबसल्या काम करू पाहणाऱ्या बायकांची नावं मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंदवायची, कामाचे फोटो टाकायचे, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवायचं, असं आमचं काम. मला स्वतःला ॲपमधलं फारसं कळत नव्हतं, पण शिकवायची खोड जुनी.

तिथे एक शिवणारी बाई आली. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. जे सांगायचं ते वहीत लिहून दाखवायची. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात पँटचे धागे कापण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. ब्लाऊज मात्र असा शिवायची की काखेत एक चुणी पडायची नाही. तिला धागे कापणं सोडून घरात स्वतःचं शिवणकाम सुरू करायचं होतं. नोंदणी करताना तिने लिहिलं, "ऐकू येत नाही, असं वर टाका." मी खाली 'नको' लिहिलं. लोक बिचकतील, कामच देणार नाहीत, असं मला वाटलं. संपर्कासाठी मी माझाच नंबर घातला. तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं, मग मान हलवली. तो होकारच आहे, असं मी धरून चालले.

फोन यायला लागले. "दीदी, परसों शादी है, कल तक हो जाएगा ना?" मी म्हणायची, "हो जाएगा, हो जाएगा." मग तिला मेसेज टाकायची. एका गिऱ्हाइकाने "आपकी आवाज़ कितनी मीठी है" म्हटलं, तर मी दिवसभर घरात मिरवत होते. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडायला लागलं होतं.

लग्नसराईत ॲपवर शेरे यायला लागले. वेळेवर देत नाही, बोलते एक आणि करते एक. रेटिंगचे तारे घसरले, फोन थंडावले. मी तिच्या घरी गेले, थोडी रागावूनच. तिने मशीन थांबवली आणि मी पाठवलेले मेसेज एकाखाली एक दाखवले. एकाच मंगळवारी मी चार जणींना बुधवारचा वायदा केला होता. मग तिने वहीत लिहिलं, "शिवते मी. कबूल तुम्ही करता."

माझ्यासमोरच तिने ॲपमधला माझा नंबर काढून टाकला आणि वर लिहिलं, "मला ऐकू येत नाही. लिहून विचारा." मला वाईट वाटलं, आणि रागही आला. इतकं केलं हिच्यासाठी, असं मनात येऊन गेलं. चहा न घेताच निघाले.

पुढे महिनाभर माझा फोन गप्प होता. तिचं चाललंय की ती परत कारखान्यात गेली, हे विचारायची हिंमत होईना. शेवटी एका दुपारी ॲप उघडलं आणि इतर गिऱ्हाइकांसारखंच मीही लिहिलं, एक ब्लाऊज शिवायचा आहे, शुक्रवारपर्यंत मिळेल का?

थोड्या वेळाने उत्तर आलं. "नाही. हातात काम आहे. पुढच्या बुधवारी देईन."

मी ते दोनदा वाचलं. इतके महिने मी तिच्या वतीने बोलत होते, आणि एकदाही कुणाला नाही म्हटलं नव्हतं.