आम्ही भरपूर कर भरतो

आमच्या गल्लीत कुठल्याही बाईला विचारा, काय काम करता, तर ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." असं म्हणणारी एक जण पहाटे उठून तीन फ्लॅटांत स्वयंपाक करते. दुसरी गार्मेंटच्या कारखान्यात दिवसभर कॉलरी शिवते. तिसरी कोपऱ्यावर इडल्या विकते. मीही काही करत नाही. मारतहळ्ळीच्या एका दुकानातून ब्लाउज येतात, त्यांना मी हुक लावते आणि साड्यांना फॉल. चाळीस वर्षं काही न करता माझ्या डाव्या हाताच्या बोटाचं चामडं झालंय.

आम्ही जातीचे शिंपी. महाराष्ट्रातून इकडे कन्नड मुलखात कधी आलो ते कुणाला सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी त्याने भाडं कमी होत नाही. सासऱ्याचं दुकान पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात होतं. तयार कपडे आले, दुकान गेलं. आता के. आर. पुरमला रेल्वे रुळांच्या अलीकडे दोन खोल्यांत राहतो. मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, कंपनीची पोरं सकाळी ऑफिसात सोडतो आणि संध्याकाळी घरी. सून गार्मेंटमध्ये. नात बी. कॉम. झाली आणि आता फोनवरून अनोळखी लोकांना कर्ज घ्या म्हणते. घरात एवढी माणसं कमावती असून महिनाअखेरीला डाळ पातळ होते, ती का होते ते मला विचारू नका.

आमच्या लोकांत उत्पन्न दोन प्रकारचं असतं. एक सरकारला सांगायचं, एक सोयरिकीला. खरं काय ते फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यांना माहीत. मला तर सरकारशी खोटं बोलायची गरजही नव्हती. खरं सांगितलं तरी पुरे होतं, एवढी आमची ऐपत.

गरिबाचं रेशन कार्ड माझ्या नावावर आहे. त्यावर तांदूळ मिळतो. आणि आता काही दिवस झाले, घरच्या कारभारणीच्या खात्यात सरकार दर महिन्याला पैसे टाकतं. नवऱ्याने जिवंत असेतो माझ्या हातावर रुपया ठेवला नाही. मुलगा ठेवतो, पण काय केलंस म्हणून विचारतो. या पैशांचा हिशेब कुणी विचारत नाही. मी त्यातून चष्मा केला, एकदा मसाला डोसा एकटीने बसून खाल्ला, आणि घरात सांगितलं नाही. कार्ड गेलं की तांदूळ जाणार आणि हेही जाणार. तेव्हा गल्लीत बातमी होती की कार्डांची पडताळणी सुरू आहे, ज्यांचं बरं चाललंय त्यांची नावं काढताहेत. पलीकडच्या गल्लीत दोघींची गेली होती.

नेमकं त्याच आठवड्यात नातीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या येलहंक्याचं स्थळ आलं. मुलगा आपल्यातलाच. मध्यस्थ म्हणाला, नोकरी पक्की, घर स्वतःचं. रविवारी बघायला येणार. आता रविवारी येणार म्हटलं की आधी कुणीतरी येतंच. ही आमच्यात जुनी रीत. मुलाकडची एक जाणती बाई, बहुधा त्याची आत्याच, दोन दिवस आधी न सांगता येते, पाणी मागते, चार गोष्टी विचारते आणि घर बघून जाते. माझ्या वेळी चुलतसासू पापड विकायचं निमित्त करून आली होती. पापड एकही विकला नाही, पण आमच्या मोरीपर्यंत जाऊन आली. आणि खऱ्या हुशार बाया मराठी बोलतच नाहीत. कन्नडात बोलतात, म्हणजे घरातली माणसं आपसात मराठीत काय बोलतात ते त्यांना फुकट ऐकायला मिळतं.

हे सगळं मला पाठ असल्यामुळे मी शुक्रवारीच तयार होते. शेजारच्या अक्काचा फ्रिज दोन दिवसांसाठी आणला. वायर भिंतीपर्यंत पोचेना, म्हणून तो नुसता उभा केला आणि वर भरतकामाचा रुमाल टाकला. सुनेने चांगली चादर काढली. हुक लावायचे ब्लाउज मी गोणीत भरून खाटेखाली ढकलले.

अकराच्या सुमाराला एक बाई दारात उभी राहिली. वय पन्नासच्या आसपास, सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात फोन. कन्नडात म्हणाली, "अज्जी, स्वल्प पाणी मिळेल का?"

मी मनात म्हटलं, आली आत्या.

"या, या, बसा," मी कन्नडातच म्हटलं आणि आतल्या नातीला मराठीत ओरडले, "अगं, फ्रिजमधलं पाणी आण! आणि लाडू कुठल्या डब्यातले काढू गं, साजूक तुपातले की साधे?"

नात पडद्याआडून म्हणाली, "कुठले लाडू?"

"दोन्ही संपले म्हणतेय," मी बाईला सांगितलं. "पाहुणे फार येतात."

बंद फ्रिजातलं पाणी बाई प्यायली. तिचा चेहरा जरा विचारात पडला. मग फोन पुढे धरून म्हणाली, "थोडं विचारायचं होतं. घरात माणसं किती?"

"चार. मी सोडून सगळी कमावती."

तिने फोनवर बोट फिरवलं. मला बरं वाटलं. आमच्या वेळच्या बाया सगळं लक्षात ठेवायच्या आणि घरी जाऊन चुकीचं सांगायच्या. ही लिहून घेत होती.

"मुलगा काय करतो?"

"गाड्यांचा धंदा आहे."

"स्वतःच्या गाड्या?"

"दोन," मी म्हटलं. गल्लीच्या तोंडाशी मालकाची पांढरी गाडी उभी होती, तिकडे हातही दाखवला. दुसरी बाहेर गेलीय म्हटलं.

"कमाई साधारण?"

मी एक आकडा सांगितला. तो आकडा मी कुठून आणला मला ठाऊक नाही. मुलाने ऐकला असता तर त्याने माझ्याकडे कर्ज मागितलं असतं.

"सून?"

"गार्मेंटमध्ये. सुपरवायझर. हाताखाली पन्नास बाया."

"घर स्वतःचं?"

"स्वतःचंच. वरचा मजला भाड्याने दिलाय." वरच्या मजल्यावर घरमालक राहतो. तो त्याच वेळी वरून कुणावर तरी खेकसत होता. मी म्हटलं, "भाडेकरू जरा तापट आहे."

"तुमचं शिक्षण, अज्जी?"

चौथी. "मॅट्रिक," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काही काम करता?"

"मी? छे. मला कुणी काडी उचलू देत नाही."

संडास आत की बाहेर, गॅस आहे का, गावाकडे जमीन आहे का, सगळं तिने विचारलं, आणि सगळं नीट विचारलं. मला वाटलं, अशी आत्या हवी. आमच्याकडच्या आत्या नुसत्या दागिने विचारतात. शेवटी ती म्हणाली, "इन्कम टॅक्स भरता का?"

आता हा प्रश्न मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पण श्रीमंत लोक कर भरतात आणि वर कुरकुरतात, एवढं मला माहीत होतं. मी कपाळाला हात लावला. "भरतो ना! भरपूर. दरवर्षी किती जातात विचारू नका."

पडद्याआड नात खोकली. मी लक्ष दिलं नाही.

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाली. "आता तुमचं रेशन कार्ड दाखवा."

"कसलं कार्ड?"

"रेशनचं, अज्जी. त्याचीच पडताळणी आहे ना." तिने पदर सारखा केला तेव्हा गळ्यातली पट्टी आणि तिला लटकलेलं फोटोचं ओळखपत्र दिसलं. मघाशी मला ते मंगळसूत्र वाटलं होतं. "तुमचं नाव यादीत आहे. पण एवढं उत्पन्न, दोन गाड्या, वर टॅक्स. आता हे कार्ड राहणार नाही. एवढं बटण दाबते, मग अंगठा द्या."

मग कळलं, ती अंगणवाडीत शिकवणारी बाई होती, हे जादा काम तिच्या गळ्यात मारलं होतं, आणि मी तिला तासभर बसवून स्वतःच्या हाताने माझा तांदूळ कापून घेतला होता.

"थांबा," मी तिचा हातच धरला. "ते सगळं खोटं आहे."

"काय खोटं?"

"सगळं. माणसं चार आहेत, तेवढं खरं."

ती हसली. "अज्जी, चार दिवस मी घरोघर फिरतेय. प्रत्येक घरात मला सांगतात, आम्ही भिकारी. दारात बुलेट, आणि म्हणे पाहुण्याची. तुमच्याच घरी पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं म्हणून मला बरं वाटत होतं. आता कार्ड जाणार म्हटल्यावर तुम्हीही सुरू झालात?"

"अहो, मला वाटलं तुम्ही मुलाकडच्या."

"कुठला मुलगा?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि दारात दुसरी बाई उभी. जांभळी साडी, हातात पिशवी. कन्नडात म्हणाली, "जरा पाणी मिळेल का?" आणि बोलता बोलता तिची नजर फ्रिजवरून, चादरीवरून, छताच्या कोपऱ्यातल्या ओलीवरून फिरून आली. ही आत्या. शंकाच नको.

आता ऐका माझी पंचाईत. एकीसमोर गरीब व्हायचं, दुसरीसमोर श्रीमंत, आणि दोघींना कन्नड येतं. पडताळणीच्या बाईचं बोट बटणावर. पडद्याखाली नातीची पावलं दिसत होती. तिच्यासाठी गप्प बसावं असं मला एक क्षण वाटलं, नाही असं नाही. पण मी हिशेब केला. नवरे पुष्कळ मिळतात. एक गेला तर हुबळीहून दुसरा येईल. कार्ड एकदा गेलं की पुन्हा देत नाहीत.

"बसा तुम्ही पण," मी आत्याला म्हटलं, "आणि ऐका." मग मी खाटेखालून गोणी ओढली आणि ब्लाउज बाईच्या पायाशी ओतले. "हे माझं काम. हुक लावते. फॉल लावते. बोट बघा हे. मुलगा दुसऱ्याची गाडी चालवतो. सून सुपरवायझर नाही, सुपरवायझरच्या शिव्या खाते. वर ओरडतोय तो भाडेकरू नाही, मालक आहे. टॅक्स म्हणजे काय ते मला आत्ता कळलं. फ्रिज शेजारणीचा, त्याची वायर बघा, कुठे लावलीय? मघाशी पाणी गरम लागलं की नाही?"

"लागलं," बाई म्हणाली.

"मग?"

ती खाली वाकली आणि एक ब्लाउज उचलून उलटा करून हुक बघितले. ओढून बघितले. "माझे तर दोन धुण्यांत निघतात," ती म्हणाली. "एका ब्लाउजचे किती देतात तुम्हाला?"

मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, कारण तिला वाटलं एका हुकाचे सांगितले. मग तिने फोनवर सगळं मागे नेलं आणि पहिल्यापासून विचारायला लागली. मुलाचा पगार, सुनेचा, नातीचा, माझं शिक्षण. मी एकेक उत्तर देत गेले आणि आमचं घर खाली खाली येत गेलं. जांभळ्या साडीतली आत्या भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट नातीचा पगार ऐकून मान हलवली. मला वाटलं, मनात स्थळ मोडून झालं असेल, आता फुकटची करमणूक म्हणून बसलीय.

"काम या रकान्यात काय लिहू?" बाईने विचारलं.

"काही नाही लिहा."

"काही नाही कसं? शिलाईकाम, घरून." तिने लिहिलं, मला फोनवर दाखवलं, मी अंगठा टेकवला. "कार्ड राहील," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी कुणी पाणी मागितलं तर आधी विचारा, कोण म्हणून."

मी सुटले. ती पिशवी आवरायला लागली, तशी आत्या एकदम पुढे सरकली. कन्नड सोडून द्यायचं भान तिला अजून आलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "येलहंक्याला कधी येणार तुम्ही लोक?"

"माझ्याकडे नाही तो भाग. का?"

"सहज. म्हणजे भाड्याचं घर असेल, आणि मुलाची नोकरी पक्की नसेल, कंत्राटी असेल, तर कार्ड राहतं ना?"

पडद्यामागे नात एवढ्या जोरात हसली की आत्याने पदर तोंडाला लावला.

मी चष्मा पुसून घातला आणि सरळ मराठीत विचारलं, "काय हो आत्याबाई, मध्यस्थ म्हणाला घर स्वतःचं."

तीही मराठीवर आली. "मध्यस्थाला पण पोट आहे, मावशी."

"आणि मुलाचा पगार?"

"सरकारला सांगायचा तो सांगू, की तुम्हाला सांगायचा तो?"

"दोन्ही सांगा," मी म्हटलं आणि पडताळणीच्या बाईला पुन्हा खाली बसवलं. "या मॅडम लिहून घेतील. यांना आता सवय झालीय."