आबांच्या दहाव्याला लिनक्स

माझे वडील वारले तेव्हा आमच्या घरात एकच गोष्ट धड चालत होती, ती म्हणजे ताईने परदेशातून आणलेला लॅपटॉप. दहाव्याच्या आत मी तीही बंद पाडली.

मी प्रकाश. बोरी बुद्रुकला राहतो, आळ्याला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. अवसरीला शिकत होतो तेव्हापासून मला लिनक्सचं वेड आहे. लिनक्स म्हणजे लॅपटॉप चालवणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली, फुकट आणि खुली सिस्टीम. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात. मला तिचं इतकं कौतुक, की घरी आलेल्या पाहुण्याच्या लॅपटॉपमध्येही मी ती टाकायला बघायचो. पुढे पुढे पाहुणे लॅपटॉप घरी ठेवून यायला लागले. त्यानंतर काही पाहुणेही घरीच राहायला लागले.

आबांना या वेडाचा एकच फायदा झाला. लिनक्सच्या जुन्या तबकड्यांचा, म्हणजे सीड्यांचा, माझ्याकडे ढीग साठला होता. आबांनी त्या नेऊन द्राक्षाच्या बागेत तारेला टांगल्या. आमच्याकडे सगळेच बागाईतदार काहीबाही चमकणारं टांगतात. वाऱ्यावर फिरतं, उन्हात लकाकतं, पाखरं घडांकडे फिरकत नाहीत. "पक्याच्या शिक्षणाचा बागेला लई उपेग झाला," असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांना ते खरंच वाटायचं, हे मला लागायचं.

आबा गेले ते बागेतच. दुपारी पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसले ते उठलेच नाहीत. ताई तिकडे कॅनडात. तिचा पासपोर्ट नेमका नवा करायला दिलेला, कचेरीत अडकलेला. तिला येताच येईना. आदल्या रविवारी आबा तिच्याशी बोलत होते. "कधी येतीस?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिच्या दारात कुणीतरी आलं होतं. "आबा, ठेवते, नंतर बोलते," म्हणून तिने फोन ठेवला. ते नंतर राहूनच गेलं. ती माझ्याशी बोलताना तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायची आणि रडायची. शेवटी म्हणाली, "प्रकाश, मला दहाव्याला घाटावर ने. कसंही ने. मला आबांशी बोलायचंय."

मी म्हटलं, नेतो. हे काम माझ्याच हातातलं होतं. सगळ्या आयुष्यात घरच्यांना माझी गरज पडली ती ही एकदाच.

ताईच्या लॅपटॉपमध्ये दुकानातूनच आलेली विकतची सिस्टीम होती आणि ती व्यवस्थित चालत होती. कुठल्याही शहाण्या माणसाने तो लॅपटॉप उचलला असता आणि घाटावर नेला असता. माझ्या मनात मात्र आलं, की ऐन पिंडदानाच्या वेळी हिने अपडेट सुरू केलं तर? निळा पडदा, गोल गोल फिरणारं चक्र, 'कृपया बंद करू नका', आणि तिकडे गुरुजी मंत्र म्हणतायत! या एका भीतीपायी मी जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकलं. बाप गेल्यावर माणूस काहीही करतो, असं लोक म्हणतात. मी हे केलं.

टाकल्यावर कळलं, की त्या लॅपटॉपमधली वायफायची चिप लिनक्सला ओळखूच येत नाही. मी डगमगलो नाही. मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडला, नेट आलं. मग आवाज तपासला. इयरफोन कानात घालून तपासला, झकास होता. मग कॅमेरा तपासला. लॅपटॉप टेबलावर, समोर पांढरी भिंत. भिंत स्वच्छ दिसत होती. मी बायकोला, मंदाला, सांगितलं की सगळं चालतंय. भिंतीला वरची बाजू आणि खालची बाजू नसते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दहाव्याला कुकडीच्या घाटावर सकाळीच गर्दी झाली. तिकडे मंडपात श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. (आमच्याकडे दहाव्याला भाषणं लागतातच. ज्यांनी आबांना कधी पाहिलं नव्हतं त्यांचीच जास्त लांबली.) इकडे नदीकाठी गुरुजींनी पिंड मांडले. मी मुंडण करून, ओल्या धोतरात, पिंडापासून हातभर अंतरावर स्टुलावर लॅपटॉप मांडला. ताई सगळ्यांना नीट दिसावी म्हणून पडदा पूर्ण उजळ केला. फोन लावला.

ताई पडद्यावर आली. ओठ हलले. आवाज आला नाही.

मी इयरफोन लावला. त्यात आवाज होता. म्हणजे लिनक्सला इयरफोन चालत होता, लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर चालत नव्हते. घरी मी इयरफोनच तपासला होता! कानात ताई म्हणत होती, "प्रकाश, तुम्ही सगळे असे उलटे का टांगलेत रे? नदी वर आहे."

लॅपटॉपचा कॅमेरा या सिस्टीमला उलटा बसला होता. परदेशात बसलेली पोर बापाच्या दहाव्याला आली आणि तिला काय दिसलं, तर आबांचा हार घातलेला फोटो खाली डोकं करून लटकतोय आणि सगळी भावकी वटवाघळांसारखी टांगलीय. ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली. मला त्या क्षणी नदीत उडी मारावीशी वाटली, पण कुकडीला गुडघाभरच पाणी होतं.

मी लॅपटॉप अर्धवट मिटून, उलटा करून, तंबूसारखा उभा केला. आता ताईला आम्ही सरळ दिसायला लागलो. आम्हाला मात्र ताई उलटी दिसायला लागली. कपाळ खाली, हनुवटी वर, आणि डोळ्यांतलं पाणी वर चढत चाललेलं. (पडदा फिरवायची आज्ञा मला तोंडपाठ होती. पण कीबोर्ड आता पाठीमागे, पालथा.) भावकीतल्या बायका मान वाकडी करून तिच्याकडे बघत होत्या. एक म्हातारे गृहस्थ तर कमरेत वाकून बघायला गेले आणि तसेच राहिले. त्यांना दोघांनी धरून सरळ केलं.

बायजाआत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, एवढा वेळ बघत होती. तिने लॅपटॉपच्या बुडाला लटकणारी वायर बोटाने धरली, मोबाईलपर्यंत नेली आणि विचारलं, "नेट या फोनचं हाय?" मी हो म्हटलं. "फोनला क्यामेरा हाय?" आहे. "बोलायला येतं?" येतं. "मग ही पेटी मधी कशाला ठिवलीस?"

मी तिला सांगितलं, की पडदा मोठा आहे, लॅपटॉप स्थिर राहतो, आणि शिवाय ही खुली सिस्टीम आहे. आत्याने उलट्या ताईकडे एकदा बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

एव्हाना पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. बाभळीवर कावळे भरपूर होते. एखादा उडायचा, झेपावत यायचा, अर्ध्यावर आला की एकदम पंख मारून परत फिरायचा. पुन्हा दुसरा यायचा, तोही तिथूनच वळायचा. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय.

मग कबूल करायला सुरुवात झाली. आमचे चुलते, तात्या, पुढे होऊन म्हणाले की भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करून आणतो. कावळा आला नाही. मी म्हटलं, बागेची छाटणी वेळेवर करीन. नाही आला. मी म्हटलं, मंदाशी घरात तोंड वर करून बोलणार नाही. मंदाने पदर सावरून माझ्याकडे लक्ष दिलं, कावळ्याने दिलं नाही. आबांना आवडायची म्हणून कुणीतरी आळेफाट्यावरून गरम भजी आणली आणि पिंडाशेजारी ठेवली. त्यावर माश्या बसल्या. ऊन चढलं. मंडपातली भाषणं संपली आणि ते लोकही इकडे येऊन उभे राहिले. आता सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी बापाचं काहीतरी मोठं वाकडं केलं असणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तसंच वाटायला लागलं.

आत्या म्हणाली, "लेकीत जीव अडकलाय दादाचा. तिला बोलू द्या."

ताई बोलायला तयारच होती. पण बोलणार कशातून? आवाज फक्त इयरफोनमध्ये. तेव्हा मी जे केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी इयरफोनची एक गुंडी आत्याच्या कानात घातली आणि दुसरी नेऊन पिंडाशेजारी ठेवली! वायर पुरावी म्हणून स्टूल पिंडाच्या आणखी जवळ सरकवलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. ताई काय म्हणते ते आत्या मोठ्याने सांगायला लागली, "रडतीय. अजून रडतीय. आता नाक पुसतीय." तेवढ्यात आत्यालाच रडू आलं आणि तेही कळायचं बंद झालं.

बाभळीवरचे कावळे आता उडायचेही बंद झाले.

पडद्यावर उलटी ताई ओठ हलवत होती. तिला वाटत होतं की आपण आबांना ऐकू जातोय. खरं तर आत्याच्या एका कानापलीकडे ती कुणालाच ऐकू जात नव्हती. त्या दहा दिवसांत मी रडलो नव्हतो. वायफायची चिप, आवाज, कॅमेरा यांतच गुंतलो होतो. तिचे ते मुके ओठ बघून मला तिथेच हुंदका फुटला. मी वायर उपटली, मोबाईल हातात घेतला आणि साधा सरळ व्हिडिओ कॉल लावला. तात्यांनी कुणाला न विचारता लॅपटॉप स्टुलावरून उचलला, मिटला आणि टॉवेलात गुंडाळून काखेत धरला.

मी मागे होऊन, हात लांब करून फोन पिंडाकडे धरला. ताईचा आवाज घाटावर सगळ्यांना ऐकू आला.

"आबा, नंतर बोलते म्हणाले होते ना. आता बोलते."

आणि ती बोलायला लागली. निरोपाचं काहीच नाही. तिकडे थंडी लई पडलीय, धाकटा शाळेत जायला रडतो, कुंडीत मेथी लावली होती ती आली, दिवाळीला यायचं ठरवलं होतं, तिकीटही बघितलं होतं. रविवारी बापाला सांगायचं राहिलेलं सगळं ती सांगत होती. मेथीचं सांगत होती तेव्हाच पहिला कावळा पिंडावर उतरला. ताईला तो दिसला. ती थांबली नाही, बोलतच राहिली. बाया रडत होत्या, गुरुजी हात जोडून उभे होते. तिचं बोलणं संपेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

लेकीचा आवाज ऐकला आणि आबांचा जीव मोकळा झाला, असं सगळं गाव म्हणालं. ताईलाही तसंच वाटतं. तिला आता शांत झोप लागते.

घाटावरून परत येताना तात्या आणि मी बागेतून आलो. तबकड्या वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हात लकाकत होत्या. तात्या थांबले. काखेतलं टॉवेलात गुंडाळलेलं बोचकं त्यांनी दुसऱ्या काखेत घेतलं.

"पक्या, ह्या कशाला टांगल्यात रं दादानं?"

"पाखरं येऊ नयेत म्हणून."

"हं," म्हणाले आणि पुढे चालायला लागले. त्यानंतर आजपर्यंत तात्यांनी हा विषय काढलेला नाही. मी मात्र घरी येऊन मंदाला सांगून टाकलं, कारण असली गोष्ट एकट्याने पोटात ठेवता येत नाही.

पुढे मी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर रीतसर तक्रार लिहिली. लॅपटॉपचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, की वायफाय दिसत नाही, स्पीकर बंद, कॅमेरा उलटा. पडदा फार उजळ असल्यास कावळा येत नाही, हेही लिहिलं होतं, पण ते खोडलं. एका भल्या माणसाचं लगेच उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, की नवी आवृत्ती आलीय, तीत हे सगळं सुधारलंय, ती टाकून परत एकदा करून बघा.

मी ते मंदाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"परत कुणाचं करायचं? आई गेल्या, आबा गेले. आता तुमीच ऱ्हायला."

मी म्हटलं, तसं नव्हे गं, सुधारणा झालीय म्हणतोय तो.

"झाली आसल. तुमच्या टायमाला मी फोनच धरीन," मंदा म्हणाली, "अन ही पेटी बागंत टांगीन."