बाबांनी काल काय खाल्लं

माझ्या नणंदेने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी विद्यापीठात आहारशास्त्र शिकायला घेतलं आणि त्याची शिक्षा मला झाली. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही.

नणंद म्हणजे आमच्या ताई, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन कंपनीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. सासूबाईंना साखरेचा आजार होता, आणि शेवटी शेवटी जो भेटायला येईल तो त्यांना काय खाऊ नका ते सांगून जायचा. काय खा, ते कुणीच सांगितलं नाही. सासूबाई गेल्या, ताई कितीतरी दिवस गप्प होत्या, आणि मग नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठात नाव घातलं. "मी सांगणार आहे लोकांना, काय खायचं ते," म्हणाल्या. सुरुवात कुठल्या लोकांपासून होणार, ते मला तेव्हाच कळलं होतं.

पहिलं वर्ष पाठांतराचं होतं. ताई येरझाऱ्या घालत जीवनसत्त्वं घोकायच्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत बसून ऐकायचे. दुसऱ्या वर्षी माझ्या ओट्यावर वजनकाटा आला. तांदूळ कच्चा मोजायचा, शिजला की पुन्हा मोजायचा. भाजी चिरण्याआधी मोजायची, सालं वेगळी मोजायची. भूक लागलेली माणसं ताटं घेऊन रांगेत उभी, आणि ताई आकडे लिहून घेताहेत. विद्यापीठातून त्या रबरी पदार्थांची एक पेटीही आणायच्या. रुग्णाला "एवढं खाल्लं" असं हाताने दाखवता यावं म्हणून त्यात रबरी सफरचंद, रबरी पाव, रबरी अंडं असं सगळं होतं. माझ्या नवऱ्याने एकदा सकाळच्या घाईत त्यातलं अंडं डब्यात भरून नेलं. ऑफिसात बराच वेळ सोलत बसला होता म्हणे.

शेवटच्या वर्षी खरी परीक्षा होती. एक माणूस निवडायचा, त्याचा आहार ठरवून द्यायचा, तो सांभाळायचा, आणि वर्षअखेरीस त्या माणसाला घेऊन परीक्षकांपुढे उभं राहायचं. घरातला माणूस चालेल, असं विभागाच्या बाईंनी सांगितलं होतं. ताईंनी बाबांना निवडलं. सासूबाईंच्या मागे बाबांचं पोट सुटत चाललं होतं आणि त्यांची साखरही हद्दीवर येऊन बसली होती. ताई घाबरल्या होत्या. आई हातची गेली, आता बाप जाऊ द्यायचा नाही, इतकी साधी गोष्ट होती ती. मार्कांचं त्यानंतर.

मग रोज सकाळी आमच्या घरात तो प्रश्न सुरू झाला. ताई समोर बसायच्या, पेन उघडायच्या आणि विचारायच्या, "बाबा, काल काय खाल्लंत?" आहार ठरवणाऱ्यांचं सगळं काम याच प्रश्नावर चालतं. माणूस आठवून सांगतो, ते लिहून घेतात आणि त्यावरून हिशेब मांडतात.

बाबा ताठ बसून सांगायचे. "सकाळी एक उकडलेलं अंडं, साय काढलेलं दूध. दुपारी एक वाटी भात, एक वाटी डाळ, काकडी. रात्री सूप. शिवाय तासभर फिरून आलो." ऐकता ऐकता ताईंचा चेहरा असा काही उजळायचा की मलाही कौतुक वाटायचं. मी शिजवायचे, ताई मोजायच्या, बाबा खायचे. सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

फक्त बाबांचं वजन वाढत होतं.

बाबा वजन-मापं खात्यातले रिटायर्ड इन्स्पेक्टर. उभ्या आयुष्यात त्यांनी दुकानदारांचे खोटे काटे पकडले. त्यांचा पहिला संशय अर्थातच काट्यावर. कपाटातून जुनी पितळी वजनं काढली, बाथरूममधल्या काट्यावर एकेक ठेवून पाहिली, आणि मान हलवून म्हणाले, "काटा बरोबर आहे." स्वतःच्या विरुद्ध निकाल देतानाही त्यांना काट्याचा अभिमानच वाटला.

विभागाच्या बाईंना ही केस फार आवडली. चिमणीएवढं खाणारा माणूस वाढतो कसा? थायरॉइड तपासला, लिव्हर तपासलं, आणखी कायकाय तपासलं. सगळं ठणठणीत. ताईंची झोप उडाली. केस फसली तर वर्ष गेलं असतं, आणि या वयात पुन्हा त्याच बाकावर बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मग बाईंनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

दुसऱ्या दिवशी तेलाच्या बाटलीवर मला पेनाने मारलेली एक रेघ दिसली.

मी काय बोलले ते लिहीत नाही. ताई म्हणाल्या, "अगं, तुझ्यावर संशय नाही, फक्त खात्री करतेय." मी म्हटलं, "ताई, मी इतकी वर्षं या घरात तेल घालतेय, कुणाच्या डोळ्यांत नाही घातलं." दोन्ही बाजूंनी बोलणं बंद झालं. नवरा मधल्या मध्ये निरोप पोचवत होता.

परीक्षा तोंडावर आली होती. डोक्यातला राग जाईना, म्हणून मी एक गोष्ट केली. बाबा संध्याकाळी फिरायला निघाले, तशी मीही मागोमाग निघाले. बाबा भराभर चालले. दोन चौक ओलांडले, बागेला वळसा घातला आणि बेकरीत शिरले. पाच मिनिटांनी मी आत गेले, तेव्हा ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. समोर क्रीम रोल, शेजारी केकचा तुकडा. बेकरीवाला मला कौतुकाने म्हणाला, "साहेब रोज येतात. खाण्याआधी प्रत्येक वस्तूचं माझ्या काट्यावर वजन करून घेतात. सवय जात नाही."

बाबांच्या मिशीला क्रीम लागलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण तेलाची रेघ आठवत होती.

"बाबा, रोज सकाळी सांगता ते काय मग?"

"ते बरोबर उत्तर आहे," बाबा म्हणाले. "ती घोकायची ना, मी सगळं ऐकलंय. पोरीची परीक्षा आहे. तिला चुकीची उत्तरं दिली तर मार्क जातील."

मी कपाळावर हात मारून घेतला. परीक्षा पोरीची, आणि पेपर बाप सोडवत बसला होता.

"तुमच्या या बरोबर उत्तरांनीच तिचं वर्ष बुडणार आहे," मी म्हटलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हातातला रोल त्यांनी खाली ठेवला.

"तिची आई गेल्यापासून ती हसली नव्हती गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी म्हटलं, 'एक वाटी भात', आणि ती हसली. मग मी रोज तेच सांगत गेलो."

ताईंना खरं सांगायचं बाबांनी कबूल केलं. आज सांगतो, उद्या सांगतो करत त्यांनी परीक्षेचा दिवस उजाडवला. मी सांगू शकले असते. पण हे बापलेकीतलं होतं, आणि मी सांगितलं असतं तर तेलाचा सूड उगवल्यासारखं झालं असतं.

परीक्षेचा हॉल भरलेला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बारीक चणीच्या, कुणाकडे बघून हसायच्या नाहीत. ताईंनी आकडे मांडले, तपासण्या मांडल्या, शेवटी म्हणाल्या, "कारण सापडलेलं नाही." परीक्षक म्हणाल्या, "रुग्णाला माझ्यासमोर विचारा."

ताईंनी पेन उघडलं. "बाबा, काल काय खाल्लंत?"

बाबा उठून उभे राहिले, साक्षीला उभे राहतात तसे. "सकाळी एक उकडलेलं अंडं, साय काढलेलं दूध," ते म्हणाले आणि थांबले. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते.

"संध्याकाळी," ते म्हणाले, "क्रीम रोल एक, अठ्ठावन्न ग्रॅम. बेकरीवाला साठ सांगतो, पण तो दोन ग्रॅम मारतो. केक, एकशे वीस ग्रॅम, वरच्या चेरीसकट. बटर बिस्किटं चार. मोडकी होती, म्हणून चारच धरली. सगळं मी स्वतः वजन करून घेतलेलं आहे."

ताईंचं पेन कागदावर तसंच राहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकलं.

"हे कधीपासून?" परीक्षकांनी विचारलं.

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले. "खोटं मी सांगितलं. मुलीची चूक नाही. सुनेचीही नाही, तिचं तेल बरोबर होतं."

परीक्षक बाई ताईंकडे वळल्या. "मी पुष्कळ वर्षं परीक्षा घेतेय. ग्रॅममध्ये खरं सांगणारा रुग्ण पहिल्यांदा पाहिला. केस पुन्हा लिहून आणा. वर्ष जाणार नाही. पण आता पुढचं विचारा, थांबलात का?"

ताई थांबल्या होत्या, कारण त्यांना विचारता येत नव्हतं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत, म्हणून मी जागेवरून अर्धी उठलेसुद्धा. त्या हसत होत्या. "दोन ग्रॅम मारतो," एवढंच कसंबसं म्हणाल्या, तोंडावर पदर धरला आणि पुन्हा हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसणं थांबेना.

बाबांनी लेकीला हसताना पाहिलं. मग त्यांना जो हुरूप आला, तो कुणाच्यानेच आवरेना. घसा साफ करून ते म्हणाले, "आता परवाचं सांगतो."